कै. रे. टिळक यांचे आत्मपरीक्षण

जळगावाहून भुसावळेकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळात भादली नावाच्या एका लहानशा स्टेशनावरून जाते. तेथे उतरणारे उतारू थोडे. पुष्कळशा गाड्या तर थांबतही नाहीत. परंतु मराठी कवितेची ज्यास गोडी आहे त्याचे मन त्या ठिकाणी क्षणभर थबकल्यावाचून राहात नाही. ५ मे १९१८ रोजी याच स्टेशनाजवळ बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे आगगाडीखाली सापडून वारले. त्यांच्या वयास २८ वर्षेही पुरी झाली नव्हती. धरणगावी जन्मलेला हा कवी आमच्या खानदेशाचा म्हणून त्याचे नाव आमच्या मुलामुलींच्या ओठांवर असते, आणि ते असावे हे योग्यच आहे. मात्र ज्या गृहस्थाने या पोरसवदा कवीस काही काळ आपल्या घरी पुत्राप्रमाणे ठेवून घेतले, त्याचे नाव पुष्कळांनी केवळ ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेखाली वाचलेले असते, आणि तेथेच त्यांची ओळख संपते. त्या गृहस्थाची, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची, ओळख आज थोडी पुढे न्यावी असा आमचा मानस आहे.

या दोघांची गाठ आमच्याच गावी पडली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. धुळ्याकडे पश्चिम भाग राहिला आणि पूर्व भागाचे मुख्य ठाणे जळगाव झाले. त्याच्या पुढल्याच वर्षी, म्हणजे १९०७ साली, जळगावी महाराष्ट्रातील कवींचे संमेलन भरले. अध्यक्षस्थानी कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. हे गृहस्थ वैद्यकात आणि वनस्पतिशास्त्रात नावाजलेले, आणि शिवाय कवितेचे रसिक. विशीही न गाठलेल्या ठोमऱ्यांची कविता ऐकून त्यांनी त्यांस बालकवी ही पदवी दिली ती याच प्रसंगी. टिळक तेव्हा ४५ वर्षांचे होते. ब्राह्मण कुळात जन्मून ख्रिस्ती झालेला हा कवी त्या मंडळींत कोणास परका वाटला नाही. फुलामुलांचा कवी म्हणून त्याची कीर्ती आधीच सर्वत्र झाली होती.

परंतु टिळकांच्या काव्याचे गुणवर्णन करण्याचा आमचा उद्देश नाही. ते काम अधिकारी लेखकांनी केले आहे. त्यांच्या चरित्रात आम्हांस फार दिवसांपासून एक गोष्ट विचारात पाडीत आली आहे. देवाची शक्ती मनुष्याच्या अंतरी वास करिते, असे धर्मोपदेशक सांगतात आणि आपण माना डोलावितो. पण अंतरी तर राग आहे, हट्ट आहे, लौकिकाची हाव आहे. आणि यांपैकी प्रत्येकाचा आवाज मोठा आहे. मग आतून जी प्रेरणा उठते ती देवाची की आपल्याच स्वभावाची, हे ओळखावे कसे? टिळकांनी या प्रश्नावर प्रबंध लिहिला नाही. त्यांचे आयुष्यच त्याच्या उत्तरात खर्ची पडले, आणि त्या खर्चाचा मोठा वाटा दुसऱ्या एका जिवास सोसावा लागला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे, आई जानकीबाई मायाळू आणि भाविक. आईचा मुलावर जीव, आणि मुलाचे सारे विश्व म्हणजे आई. ती गेली तेव्हा नारायण सुमारे ११ वर्षांचा होता. आईवाचूनच्या त्या घरात त्याचे मन रमेना. तो घर सोडून निघाला आणि नाशिकास आला. परक्या गावी त्यास आसरा मिळाला, गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानापाशी संस्कृताचे अध्ययन झाले, थोडेबहुत इंग्रजीही शिकून झाले. हे त्यांचे पहिले गृहत्यागाचे पाऊल. ते दुःखाने टाकलेले होते, आणि त्याबद्दल त्या अजाण मुलास कोणी बोल लावील असे आम्हांस वाटत नाही.

पुढे मात्र ही निघून जाण्याची सवयच जडली. १८८० च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. नवरी अवघी ११ वर्षांची. सासरचे तिचे नाव लक्ष्मी. याच लक्ष्मीबाईंनी उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि तिचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. टिळकांच्या संसाराविषयी आपणांस जे ठाऊक आहे ते बहुतेक या एका पुस्तकामुळे. पतीचे मोठेपण त्या माउलीने झाकले नाही आणि त्याचे दोषही झाकले नाहीत. आमच्या मते मराठीत इतके निर्मळ मनाने लिहिलेले पुस्तक दुसरे क्वचितच सापडेल. टिळक कोठे शिक्षक, कोठे पुराणिक, कोठे कीर्तनकार, तर कोठे छापखान्यात खिळे जुळविणारे. एक नोकरी धरावी, दुसरी सोडावी. हाती आलेला पैसा समोर दिसेल त्या गरजूस देऊन टाकावा. मनात आले की उठून चालते व्हावे, आणि घरच्यांनी वाट पाहात बसावे. राग तर असा की चढावयास निमिष नको. तो उतरेही तितक्याच लवकर, आणि मग पश्चात्तापाने हा मनुष्य लहान मुलासारखा होऊन जाई. उदारपणा आणि उतावळेपणा ही एकाच झऱ्याची दोन पाणी त्यांच्या ठायी वाहात होती, आणि कोणते पिण्याजोगे हे अजून त्यांचे त्यांनाच उमगले नव्हते.

नागपुरात असताना त्यांना आप्पासाहेब बुटी यांच्यासारखा विद्येचा चाहता आश्रयदाता लाभला. तेथे संस्कृत ग्रंथांचे काम चालले आणि धर्मचर्चेसाठी ‘ऋषि’ नावाचे मासिकही निघाले. विचार करता करता रूढ आचारांवरचा त्यांचा विश्वास ढळत गेला. देव एक, सर्व माणसे भाऊ, जातिभेद माणसाने केलेला, अशा पायावर एखादा नवा धर्मच स्थापावा असेही त्यांच्या मनात घोळू लागले. इतरांस काय सांगावे याची तयारी झाली होती; स्वतःस काही सांगून घ्यावयाचे आहे, ही कल्पना अद्याप त्यांस शिवलेली दिसत नाही.

जळगावावरून नागपुरास जाणारी लोहवाट पुढे राजनांदगावास जाते. १८९३ साली त्या संस्थानातील नोकरीवर जात असता टिळकांच्या डब्यात एक गोरा प्रवासी होता. दोघांचे बोलणे कवितेवरून धर्मावर आले. त्या प्रवाशाने त्यांस बायबलाची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांस ते हास्यास्पद वाटले असेल. परंतु पुस्तक वाचीन असा शब्द त्यांनी दिला होता, आणि शब्द पाळणे हा त्यांचा बाणा. हाती पेन्सिल घेऊन, खुणा करीत, ते वाचू लागले. आरंभीची पाने नेटाने उलटली. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचवा, सहावा आणि सातवा अध्याय आला. यास डोंगरावरील प्रवचन म्हणतात. येथे मात्र पेन्सिल अडली, आणि वाचकही अडला.

का अडला, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. त्या तीन अध्यायांत कोणताही नवा देव सांगितलेला नाही. त्यांत धर्माची कसोटी हातावरून हृदयावर नेली आहे, एवढेच. खून करू नये हे सर्वांस मान्य आहे. येशू त्याच्या मुळाशी जाऊन भावावरच्या रागास पकडतो. व्यभिचाराचा विचार करताना तो दृष्टीपर्यंत जातो. दानधर्म चौकात करणाऱ्यास तो विचारतो की, तुझ्या एका हाताचे दुसऱ्या हातास कळण्याचे तरी कारण काय? आपल्याकडे कुसळ आणि मुसळ यांची जी म्हण आहे तिचे बीजही याच प्रवचनात आहे. आणि प्रार्थना करावयाची ती आतल्या खोलीत, दार लावून, जेथे पाहावयास देवाखेरीज कोणी नाही. आता हे वाचणारा कोण, ते ध्यानात आणा: रागीट, दानशूर, वक्ता, कवी, आणि जगास नवा धर्म देऊ पाहणारा. एकेक वाक्य त्याच्याच दारावर थाप मारीत असले पाहिजे. दुसऱ्यांच्या धर्माची परीक्षा करावयास बसलेला हा पंडित त्या दिवशी स्वतःच परीक्षेस बसला.

ख्रिस्ती भक्तीत आत्मपरीक्षण म्हणतात ते हेच. त्यात मनुष्य एकटाच आपला न्यायाधीश होत नाही. एकट्याने केलेली तपासणी बहुधा दोन टोकांस जाते. एक तर आपण आपल्यास निर्दोष सोडतो, नाही तर आपल्याच दोषांत गुंतून हताश होतो. दाविदाच्या एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात भक्त देवालाच विनवितो की, तूच माझे अंतःकरण पारखून पाहा आणि मार्ग दाखीव. दिवसाच्या शेवटी शांत बसावे, आज काय बोललो, कोणास दुखविले, कशाचा गर्व केला हे एकेक आठवावे, आणि ते झाकून न ठेविता देवापुढे मांडावे. ज्यास दिव्य शक्ती म्हणतात ती या मांडण्यानंतर रिकाम्या झालेल्या जागी येते, असा त्या साधनेचा अनुभव आहे. ती आपली कमाई नसते. आलेल्या पाहुण्यासारखी असते, आणि घर झाडल्यावाचून पाहुण्यास बसावयास जागा नाही.

दार लावून बसण्याच्या या गोष्टीवरून सहज आठवले म्हणून सांगतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, आणि आमच्या अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तेथे दार बाहेरून लावलेले होते, एवढाच काय तो फरक. खानदेशच्या मातीस ही अंतर्मुखता परकी नाही. ग्रंथ वेगळा होता, परंपरा वेगळी होती. बंद खोलीचा उपयोग मात्र दोन्हीकडे ओळखला गेला.

टिळकांची ही परीक्षा सुमारे दोन वर्षे चालली. ख्रिस्ती विद्वानांशी पत्रव्यवहार झाला, शंका काढल्या गेल्या, वाद झाले. आप्तेष्टांस संशय येऊ लागला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतील त्या प्रवाशाचे भाकीत असे खरे झाले.

ख्रिस्ती चरित्रलेखक येथे आनंदाचे वर्णन करून पुढे जातात. आमच्याने तसे करवत नाही. टिळकांनी हे पाऊल एकट्याने उचलले. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पदरी लहान मूल, हयात असलेला नवरा मेल्याहून दूर गेलेला, आणि लोकांच्या जिभा मोकळ्या. बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. पंढरपुरासारख्या क्षेत्री राहून त्यांनी आपले दुःख देवास सांगितले. सुमारे पाच वर्षे हा वियोग चालला. टिळकांस मिळालेली शांती खरी होती यात आम्हांस संशय नाही; परंतु तिची किंमत ज्या हाताने मोजली तो हात त्यांचा एकट्याचा नव्हता, हेही तितकेच खरे. सत्यासाठी घरदार सोडावे असा उपदेश सोपा आहे. घरदार म्हणजे एक माणूस असते आणि त्यास रात्री झोप लागत नाही, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर विसरता येत नाही.

लक्ष्मीबाई अखेर मुलास घेऊन अहमदनगरास आल्या. येथे आम्हांस टिळकांत पडलेला फरक प्रथम दिसतो. आपण ख्रिस्ती झालो म्हणून पत्नीने झालेच पाहिजे असा आग्रह त्यांनी धरिला नाही. तिचे सोवळे, तिचा वेगळा स्वयंपाक, तिचे वेगळे पाणी, हे सर्व त्यांनी तिला पाळू दिले. पूर्वीच्या टिळकांच्या अंगी एवढा धीर असता असे आम्हांस वाटत नाही. आणि पुढे जे घडले ते लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने घडले. जात देवाने निर्माण केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्याशीच लढविला, आणि एकदा उत्तर मिळाल्यावर मागे पाहिले नाही. अक्षरओळखीपलीकडे शिक्षण नसलेल्या या बाईने केलेले आत्मपरीक्षण तिच्या पंडित पतीच्या परीक्षणाहून काकणभर सरसच म्हणावे लागेल. तिने ते दुसऱ्या कोणास दुखविल्यावाचून केले. १९०० साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो छप्पनच्या दुष्काळाचा काळ होता. नवराबायकोंनी अनाथ मुलांस आपल्या घरात घेतले, आणि स्वतःच्या ताटातले त्यांच्या ताटात गेले.

नगरास टिळकांनी धर्मशिक्षणाच्या शाळेत अध्यापन केले, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन केले. त्यांनी रचिलेल्या भक्तिगीतांपैकी दोनशेंहून अधिक ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहात आहेत, आणि महाराष्ट्रातील देवळांत ती आजही गायिली जातात. आमच्या खानदेशातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांसही ती परिचित आहेत. इंग्रजी चालींवर बसविलेली जडशी भाषांतरे ज्या मंडळ्या गात असत, त्यांच्या हाती त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन दिले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते मानीत. म्हणूनच त्यांच्या ‘अभंगांजली’तील ख्रिस्त हा गुरू आहे आणि आईही आहे. अकराव्या वर्षी जी आई गेली, जिच्यामागे घर घर राहिले नाही, तिची जागा त्यांच्या ध्यानात कोणी घेतली हे येथे कळते. आमच्या समजुतीने टिळकांच्या सर्व भक्तीची गुरुकिल्ली हीच आहे. त्यांचे ध्यान म्हणजे डोळे मिटून शून्यात पाहणे नव्हते. लेकराने आईच्या कुशीत शिरून दिवसभराच्या खोड्या कबूल कराव्यात, तशा जातीचे ते होते.

स्वभाव मात्र समूळ पालटला असे कोणी समजू नये. राग येतच राहिला, पैसा हातात टिकेना, नव्या नव्या योजना निघत आणि अर्ध्यावर राहात. फरक एवढाच की, आता त्या रागाचा हिशेब रोज कोठेतरी द्यावा लागत होता.

सप्टेंबर १९१७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, टिळक पुन्हा घर सोडून निघाले. मिशनची वेतनाची चाकरी त्यांनी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून साताऱ्यास राहावयास गेले. आमच्या देशात जो देवाविषयी बोलतो त्याने पगार घेऊन बोलू नये, आणि भारतीयाने ख्रिस्तास भारतीय रीतीनेच ओळखावे, या दोन विचारांनी त्यांस कित्येक वर्षे ग्रासिले होते. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे की, जुनी खोड उफाळून आली. अकराव्या वर्षी निघाला, तरुणपणी वारंवार निघाला, आणि म्हातारपण जवळ आले तरी निघालाच. कित्येकांस तसे वाटलेही असेल. आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगतो. पहिल्या वेळी ते दुःखापासून पळाले, मधल्या काळात आपल्याच तापट मनापासून. या वेळी मागे टाकावयाचे होते ते त्यांचे सुख, त्यांचे नाव आणि त्यांचे वेतन. तडकाफडकीचा संताप त्यात नव्हता. वर्षानुवर्षे प्रार्थनेत घासून पाहिलेला तो निर्णय होता. आणि या खेपेस लक्ष्मीबाईंशी त्यांचे नाते तुटले नाही. त्याही साताऱ्यास गेल्या. कृती तीच दिसते, पाऊल उंबऱ्याबाहेर पडते तेही तसेच. ते कोणत्या बळाने पडले हे ज्याने आत पाहिले त्यासच ठाऊक.

साताऱ्यास त्यांनी देवाचा दरबार उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांसही त्यात शिष्य म्हणून जागा होती. चर्चमधील पुष्कळांस हे रुचले नाही; बाप्तिस्म्यावाचून ख्रिस्ताचा शिष्य कसा, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदीच अवास्तव नव्हता. टिळकांनी त्याचे सविस्तर उत्तर द्यावे एवढा अवधी त्यांस मिळाला नाही. दरबार भरून वर्षही झाले नव्हते तोच भादलीची ती वार्ता आली. ज्यास जळगावी पाहिले, नगरास ज्याच्या कविता घरात दरवळल्या, तो त्र्यंबक गेला. त्यानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांनी देह ठेविला.

आपले दफन करू नये, दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती, आणि ती पाळण्यात आली. अस्थी नगरास नेल्या. ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्राचे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते, त्याचे सुमारे दहा अध्याय त्यांच्याकडून झाले होते. राहिलेले लिहावयास लक्ष्मीबाई बसल्या, आणि आणखी चौसष्ट अध्याय लिहून त्यांनी ते पुरे केले.